तिकिटांच्या हिशेबातून उभी राहिलेली कंपनी : डब्ल्यूएनएसचं प्रकरण

बीपीओ, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं कार्यालयीन काम करून देणारी कंपनी, काढायचा विचार बोलून दाखवला की आपल्याकडे समोरचा पहिलं विचारतो, "किती सीटचा?" मग जागेचं भाडं, हेडसेट, एसी, जनरेटर, कॅबचं कंत्राट यांचा हिशेब मांडला जातो. काम कोणाचं आहे आणि उद्या त्याने ते काढून घेतलं तर आपल्या हातात काय राहतं, हा विषय बराच उशिरा निघतो. कित्येकदा निघतच नाही. म्हणून मला डब्ल्यूएनएसची गोष्ट तपशिलात बघावीशी वाटते. मुंबईत सुरू झालेली, विक्रोळीला गोदरेजच्या आवारातून चालणारी, नाशिक-पुण्यातही केंद्रं असलेली ही कंपनी. 1996 साली ती ब्रिटिश एअरवेजचं घरचं काम करणारी एक उपकंपनी होती. 2025 मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनी या आयटी कंपनीने ती 3.3 अब्ज डॉलर मोजून घेतली. मधल्या काळात तिला जे मोठे धक्के बसले, ते बहुतेक ग्राहकाकडूनच आले.

काम नेमकं काय होतं

बीपीओ म्हणजे कॉल सेंटर हे समीकरण आपल्या डोक्यात 2000 नंतर पक्कं झालं. गुरगावमध्ये बसून अमेरिकन नाव घेऊन बोलणारी पोरं, रात्रीच्या गाड्या वगैरे. मुंबईत त्याआधीच वेगळ्या प्रकारचं काम येऊन बसलं होतं. स्विसएअरने आपल्या महसुलाचा हिशेब सांभाळायला इथे कंपनी काढली होती, आणि 1996 मध्ये ब्रिटिश एअरवेजने तेच केलं. नाव होतं वर्ल्ड नेटवर्क सर्व्हिसेस. त्या नावाची आद्याक्षरं म्हणजेच डब्ल्यूएनएस.

त्या काळचं विमानाचं तिकीट ज्यांनी हाताळलंय त्यांना आठवेल. छोटी आडवी पुस्तिका, पानांच्या मागे लालभडक कार्बन, बोटं लाल व्हायची. प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याला एक कूपन. समजा एखाद्याने ब्रिटिश एअरवेजचं मुंबई–लंडन–न्यूयॉर्क–शिकागो असं तिकीट काढलं. तिकिटाचा क्रमांक 125 ने सुरू होणार, कारण तो ब्रिटिश एअरवेजचा आकडा. एअर इंडियाचा 098. पैसे सगळे ब्रिटिश एअरवेजकडे जमा. पण न्यूयॉर्क ते शिकागो हा टप्पा अमेरिकन एअरलाइन्सने उडवला. मग अमेरिकन ते कूपन काढून घेणार आणि ब्रिटिश एअरवेजला बिल लावणार. किती? तर भाड्याचे तुकडे करायचे ठरलेले नियम आहेत, टप्प्यांच्या अंतरावर आधारलेले गुणांक आहेत, वर दोन कंपन्यांमधले खास करार आहेत. शिवाय प्रवासी प्रत्यक्ष उडाल्याशिवाय ते पैसे उत्पन्न म्हणून धरायचे नाहीत. न वापरलेलं तिकीट ही देणेदारी.

आता मुंबईतल्या टेबलावर बसलेल्या माणसाचं काम बघा. समोरच्या कंपनीने त्या टप्प्याचे 180 डॉलर लावलेत. नियमांनी बसतात 140. मुदतीत हरकत घेतली तर 40 डॉलर वाचले, मुदत टळली तर गेले. तसंच एजंटाने चुकीच्या वर्गाचं स्वस्त भाडं लावून तिकीट फाडलं असेल तर फरकाची वसुली एजंटाच्या नावे काढायची. अशी लाखो कूपनं. यात इंग्रजी उच्चाराचा संबंध नाही, रात्रीची शिफ्टसुद्धा फारशी नाही. हवी ती हिशेबाची सवय आणि चिकाटी, आणि मुंबईत बी.कॉम. झालेल्या मुला-मुलींना तोटा नव्हता.

पगार स्वस्त म्हणून काम भारतात आलं, हे खरंच. पण चार-पाच वर्षांनी परिस्थिती बदलते. भाड्याच्या तुकड्यांचे नियम, जुने करार, कोणती कंपनी कुठे नेहमी जास्त बिल लावते, हे सगळं मुंबईच्या टेबलांना माहीत असतं आणि लंडनमध्ये ते जाणणारी माणसं एकेक करून निवृत्त होतात. मग काम परत नेणं महाग पडतं. या धंद्यात ग्राहकाला धरून ठेवणारी खरी गोष्ट ही.

मालक बदलला

11 सप्टेंबर 2001 नंतर विमान कंपन्यांचे हाल सुरू झाले. स्विसएअर तर ऑक्टोबर 2001 मध्ये रोख संपल्याने जमिनीवरच आली. गंमत अशी की मुंबईतली तिची हिशेबाची कंपनी टिकली आणि पुढे टीसीएसने ती घेतली. मालक बुडाला तरी हिशेबाच्या कामाला किंमत राहिली. ब्रिटिश एअरवेजनेही फेब्रुवारी 2002 मध्ये मोठ्या कपातीची योजना जाहीर केली, आणि त्याच वर्षी डब्ल्यूएनएसमधला सुमारे 70 टक्के हिस्सा वॉरबर्ग पिंकस या गुंतवणूकदार कंपनीला विकला. नीरज भार्गव नव्या फळीचे प्रमुख झाले.

मूळ कंपनीच्या पोटातल्या केंद्राला या धंद्यात 'कॅप्टिव्ह' म्हणतात. कॅप्टिव्हला विक्री करावी लागत नाही. काम येतं, खर्च निघतो, वर थोडे टक्के मिळतात. स्वतंत्र झाल्याच्या दिवशी तिच्याकडे उत्तम कामगार असतात आणि विक्री विभाग शून्य असतो. शिवाय एकच ग्राहक, आणि तोही कपातीच्या मूडमध्ये.

वॉरबर्गच्या मंडळींनी यावर खरेदीचा मार्ग घेतला. 2002 मध्येच इंग्लंडमधल्या इप्सविचची टाउन अँड कंट्री असिस्टन्स ही मोटार अपघाताचे दावे हाताळणारी कंपनी घेतली. पुढे आरोग्य विम्याचे दावे, प्रवास व्यवसाय, अमेरिकेतली गृहकर्जं असे एकेक विभाग विकत घेत जोडले. मला यात शहाणपण दिसतं ते असं, की त्यांनी प्रत्येक वेळी एखाद्या धंद्यातलं ज्ञान आणि त्यातला चालू ग्राहक एकत्र विकत घेतला. रिकाम्या सीट बांधून "काम द्या हो" म्हणत दारोदार फिरण्यापेक्षा हे बरं. यात एक गोमही होती, ती पुढे येईल.

इप्सविचच्या कंपनीमुळे ताळेबंदात एक विचित्र प्रकार शिरला. ज्याला डब्ल्यूएनएसचं नफा-तोटा पत्रक वाचायचंय त्याने तो समजून घ्यावाच. गाडी ठोकली गेली की विमा कंपनी दावा डब्ल्यूएनएसकडे देते. डब्ल्यूएनएस गॅरेज ठरवते, काम करून घेते, गॅरेजला पैसे देते आणि विमा कंपनीकडून घेते. समजा विमा कंपनीने 1,000 पौंड दिले आणि त्यातले 900 गॅरेजला गेले. काही करारांत हिशेबाच्या नियमाप्रमाणे पूर्ण 1,000 पौंड उत्पन्न दाखवावं लागतं. धंदा शंभराचा, पाटी हजाराची. म्हणून कंपनी वर्षानुवर्षं दोन आकडे देत राहिली, एक एकूण उत्पन्न आणि दुसरा दुरुस्तीची रक्कम वजा केलेलं उत्पन्न. आपल्याकडे कॅब, जेवण, ग्राहकाच्या वतीने केलेला खर्च हे सगळं उलाढालीत मोजून "आमची उलाढाल इतके कोटी" सांगणारे लहान बीपीओवाले भेटतात. त्यांना हा दुसरा आकडा विचारावा.

पगाराचं चक्र

इथे जरा थांबून चालवण्याच्या खर्चाचं बोलू, कारण लहान कंपन्या इथेच मरतात.

समजा नाशिकला 100 माणसांचा फ्लोअर आहे. पगार, जागा, वीज, कॅब सगळं धरून माणशी महिन्याला 30,000 रुपये खर्च. म्हणजे महिन्याला 30 लाख. महिनाभर काम झालं की बिल जातं आणि ग्राहकाची मुदत साठ दिवसांची. म्हणजे पहिला पैसा येईपर्यंत तीन महिन्यांचा खर्च, 90 लाख रुपये, खिशातून गेलेला असतो. त्यात ट्रान्झिशनचे, म्हणजे काम जुन्या ठिकाणाहून आपल्याकडे हलवण्याचे, दोन महिने धरलेलेच नाहीत. या काळात पोरं काम शिकत असतात, जुन्या ठिकाणचं काम अजून चालू असतं आणि ग्राहक पूर्ण दर द्यायला तयार नसतो. वॉरबर्गसारखा मालक किंवा ब्रिटिश एअरवेजसारखं माहेर असलं की हे चक्र पेलतं. दागिने गहाण टाकून काढलेल्या कंपनीला एका ग्राहकाचं बिल महिनाभर अडकलं तरी धाप लागते.

दराचे प्रकारही समजून घ्यायला हवेत. एफटीई दर म्हणजे माणशी दर. 100 माणसं लावली, 100 माणसांचं बिल. ग्राहकाचं काम कमी पडलं तरी पैसे येतात, पण तुम्ही हुशारी करून तेच काम 80 माणसांत बसवलं तर फायदा ग्राहकाचा. नगावर दर घेतला, म्हणजे एका दाव्यामागे किंवा एका कूपनामागे, तर हुशारीचा फायदा तुमचा, आणि काम आटलं की तोटाही तुमचाच. नवख्याने नगावर दर घेऊन कामाच्या किमान संख्येची हमी न मागणं हा मला सर्वांत महागडा भोळेपणा वाटतो.

ब्रिटनच्या कामाचा आणखी एक फायदा होता, जो आकड्यांत दिसत नाही. ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार-साडेपाच तास मागे. त्यांचा दिवस सांभाळायला दुपारी सुरू होऊन रात्री दहा-साडेदहाला संपणारी शिफ्ट पुरते. अमेरिकेच्या फोनसाठी रात्र जागावी लागते. घरातून मुलीला परवानगी मिळणं, नव्या लग्नानंतर नोकरी टिकणं, पाठीचं आणि झोपेचं दुखणं न लागणं हे सगळं या फरकावर चालतं. अ‍ॅट्रिशन, म्हणजे माणसं सोडून जाण्याचं प्रमाण, हे एचआरचं दुखणं समजलं जातं, पण त्याची अर्धी दिशा विक्रीवाल्याने कोणत्या देशाचं काम आणलं तिथेच ठरलेली असते. 2007 मध्ये पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या एका तरुणीचा कामावर जाताना कॅबचालक आणि त्याच्या साथीदाराने खून केला. त्यानंतर कॅबमध्ये एकट्या मुलीला पहिला पिकअप किंवा शेवटचा ड्रॉप द्यायचा नाही, ही दक्षता फार गांभीर्याने घेतली जाऊ लागली. त्या एका नियमाने मार्ग लांबतात, गाड्या वाढतात, आणि हा खर्च दरात धरलेला नसेल तर कोणीतरी तो नियम मोडायला बघतो. दर ठरवतानाच कॅबवाल्याला बोलवावं, असं माझं मत आहे.

फ्लोअरवर मोबाईल, पेन, कागद नेऊ न देण्याचा नियमही असाच एका अनुभवाने घट्ट झाला. 2005 मध्ये पुण्यातल्याच एका बीपीओतल्या काही जणांनी अमेरिकन बँकेच्या ग्राहकांकडून पासवर्ड काढून घेऊन त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले होते. नवीन पोरांना पहिल्या दिवशी पेन जमा करायला सांगितलं की हसू येतं. ते हसणं थांबवायला ही हकीकत पुरते.

दोन धक्के आणि एक जुगार

जुलै 2006 मध्ये डब्ल्यूएनएसचे शेअर न्यूयॉर्क शेअर बाजारात आले, 20 डॉलर भावाने. मुंबईत जन्मलेली कंपनी, नोंदणी जर्सी बेटावर, शेअर न्यूयॉर्कला, उत्पन्नाचा मोठा वाटा पौंडांत आणि खर्च रुपयांत. इतक्या दगडांवर पाय ठेवल्यावर वर्षभरात पाणी वाढलं. 2007 मध्ये रुपया वधारला, डॉलर 44 च्या घरातून 40 च्या खाली आला. ज्याचा खर्च रुपयात आहे त्याचा नफा काहीही चूक न करता आटतो.

दुसरा धक्का जास्त बोलका. गृहकर्जाच्या कामासाठी घेतलेल्या ट्रिनिटी पार्टनर्स या कंपनीचा मुख्य ग्राहक होता अ‍ॅरिझोनातली फर्स्ट मॅग्नस ही कर्ज देणारी कंपनी. ऑगस्ट 2007 मध्ये अमेरिकेतला गृहकर्जाचा फुगा फुटला आणि फर्स्ट मॅग्नसने दिवाळखोरीचा अर्ज केला. डब्ल्यूएनएसचं काम कसं होतं, एसएलए, म्हणजे करारात ठरलेला वेळेचा आणि दर्जाचा निकष, पाळला जात होता का, याचा इथे काही संबंध नव्हता. ग्राहकच उरला नाही. खरेदीच्या वेळी ज्ञान आणि ग्राहक या दोन्हींसाठी मोजलेली रक्कम मोठ्या प्रमाणात खर्ची टाकावी लागली. मघाशी म्हटलेली गोम हीच. एकाच ग्राहकावर उभी असलेली कंपनी घेतली, तर त्या ग्राहकाचं भवितव्यही पदरात पडतं.

त्याच सुमाराला अविवाचं प्रकरण शिजत होतं, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीतला सर्वांत शिकण्याजोगा भाग हा. अविवा ही ब्रिटनमधली मोठी विमा कंपनी. तिने भारत आणि श्रीलंकेतलं काम 'बांधा, चालवा, हस्तांतर करा' या कराराने दिलं होतं. डब्ल्यूएनएससह तीन कंपन्यांकडे ते वाटलेलं होतं. बाकीच्या दोन एक्सएल आणि ट्वेंटीफोर सेव्हन. कराराचा अर्थ सरळ आहे. केंद्र तुम्ही उभं करा, माणसं तुम्ही शिकवा, काही वर्षं चालवा आणि आम्ही म्हणू तेव्हा ठरल्या किमतीला आम्हाला देऊन टाका. नव्या कंपनीला मोठं नाव मिळतं म्हणून ती सही करते. त्या सहीनंतर तुमची उत्तम टीएल (टीम लीडर) मंडळी, तुमचे क्यूए (दर्जा तपासणारे), तुमची सगळी घडी हे एक प्रकारे दुसऱ्याचं असतं. अविवाने तो हक्क वापरला आणि जुलै 2007 मध्ये डब्ल्यूएनएसचं कोलंबोचं केंद्र माणसांसकट तिच्याकडे गेलं.

आणि वर्षभरात वारं उलट फिरलं. ही केंद्रं स्वतः चालवण्यापेक्षा विकून टाकावीत असं अविवाने ठरवलं. जुलै 2008 मध्ये डब्ल्यूएनएसने अविवा ग्लोबल सर्व्हिसेस ही पूर्ण कंपनीच सुमारे 22.8 कोटी डॉलरना घेतली. त्यात कोलंबोचं केंद्र परत आलंच, शिवाय बंगळूर, चेन्नई आणि पुण्याची कामं आली, जी प्रतिस्पर्ध्यांनी उभी केली होती. म्हणजे स्वतःच बांधलेलं घर विकून वर्षाने तेच, शेजाऱ्याच्या घरासकट, परत विकत घेतलं.

इतकी रक्कम देण्यात शहाणपण कोणतं? किंमत फक्त इमारतींची नव्हती. सोबत आठ वर्षं चार महिन्यांचा सेवा करार होता आणि त्यात कामाच्या किमान प्रमाणाची हमी होती. मोजलेल्या पैशात भविष्यातलं खात्रीचं काम विकत मिळालं. पण पैसा होता कर्जाचा. 20 कोटी डॉलरचं कर्ज, आणि सही झाली जुलै 2008 मध्ये. दोन महिन्यांनी लेहमन ही अमेरिकेतली बडी गुंतवणूक बँक कोसळली. जो पौंड जवळपास दोन डॉलरला होता तो वर्षअखेर दीड डॉलरच्या खाली गेला. कमाई पौंडांत, कर्ज डॉलरमध्ये. शेअरचा भाव आयपीओच्या निम्म्याच्याही खाली गेला. त्यातच एकट्या अविवाचा वाटा इतका मोठा झाला, की एका ग्राहकाचं दुखणं ज्या कंपनीने नुकतंच फर्स्ट मॅग्नसमध्ये भोगलं होतं तीच पुन्हा एका ग्राहकावर टेकली.

तरी हा जुगार मला चुकीचा वाटत नाही. फर्स्ट मॅग्नस आणि अविवा यांत फरक होता. एक कर्जाच्या तेजीवर फुगलेली, दुसरी शतकांची परंपरा असलेली विमा कंपनी; एकीकडे हमी नाही, दुसरीकडे लेखी किमान प्रमाण. एकाच ग्राहकावर अवलंबून राहू नये हे वाक्य सगळेच म्हणतात. पण सुरुवातीला प्रत्येक बीपीओ एकाच ग्राहकावर उभा असतो, त्याला इलाज नाही. तो ग्राहक कशावर जगतो आणि करारात बाहेर पडण्याची किंमत किती लिहिली आहे, हे पाहणं मात्र आपल्या हातात असतं.

फेब्रुवारी 2010 मध्ये केशव मुरुगेश प्रमुख झाले. त्यानंतर कंपनीने विमा, प्रवास, बँकिंग अशा एकेका उद्योगाभोवती स्वतःची मांडणी केली, कर्ज फेडलं आणि अविवाचं ओझं हळूहळू हलकं होत गेलं. हा काळ वाचायला कंटाळवाणा आहे. धंद्याच्या दृष्टीने तो सर्वांत चांगला होता.

तालुक्यात काढायचा असेल तर

डब्ल्यूएनएस मोठी आहे, तिचं आपल्याला काय, असं अकोल्याचा किंवा सांगलीचा तरुण म्हणेल. परवान्यांची कटकट आता उरलेली नाही. बीपीओला लागणारी दूरसंचार विभागाची ओएसपी नोंदणी 2020-21 मध्ये रद्द झाली. घरून काम करून घेण्यालाही आता पूर्वीसारखी आडकाठी नाही. अडतं ते काम मिळण्यापाशी, आणि या गरजेवरच एक वेगळा धंदा चालतो. "फॉर्म फिलिंगचा प्रोजेक्ट आहे, परदेशी क्लायंट, आधी नोंदणीचे इतके भरा, अचूकता 98 टक्के हवी." पोरं महिनाभर राबतात, मग अचूकता कमी भरली म्हणून पैसे नाहीत, वर वकिलाची नोटीस. खरा ग्राहक काम देताना तुमच्याकडून पैसे मागत नाही. तो तुमचं ऑडिट मागतो, माणसांची चौकशी करतो, फ्लोअर बघायला येतो आणि आधी छोटं काम देऊन महिने काढतो. जिथे हा त्रास नाही तिथे कामही नाही.

गावात आधीच जे ज्ञान आहे तिथून सुरुवात केली तर निभाव लागतो. कारखान्याच्या ऊसबिलांचा हिशेब केलेली, हॉस्पिटलमध्ये विम्याच्या कॅशलेस फाइली पाठवलेली, सीएच्या कार्यालयात जीएसटीची विवरणं जुळवलेली माणसं महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. अशी पाच माणसं आणि एक ग्राहक हा मला 100 रिकाम्या सीटपेक्षा मोठा बीपीओ वाटतो.

लाल कार्बन गेला त्यानंतर

1 जून 2008 पासून आयाटा या आंतरराष्ट्रीय संघटनेतल्या विमान कंपन्यांनी कागदी तिकीट बंद केलं. ज्या कूपनांसाठी डब्ल्यूएनएसचा जन्म झाला ती कूपनंच संपली. काम मात्र संपलं नाही. ई-तिकिटातही चार कंपन्यांचे टप्पे असतात, भाड्याचे तुकडे करावे लागतात, चुकीची बिलं येतात. कूपन उलगडून टाइप करणारा माणूस गेला आणि हरकत कुठे घ्यायची हे जाणणारा राहिला.

7 जुलै 2025 रोजी कॅपजेमिनीने शेअरमागे 76.50 डॉलर देऊन कंपनी घेण्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबरमध्ये व्यवहार पूर्ण झाला. तेव्हा डब्ल्यूएनएसचं दुरुस्ती वजा जाता वार्षिक उत्पन्न 1.27 अब्ज डॉलरच्या आसपास होतं. खरेदीमागचं जाहीर कारण होतं स्वतः निर्णय घेत काम पुढे नेणारी एआय, आणि ती कोणत्या प्रक्रियेत कुठे बसवायची हे जाणणाऱ्या लोकांची गरज. माणशी दर लावून चालणाऱ्या कंपन्यांपुढचा पेच इथे सरळ समोर येतो. 100 माणसांचं काम 40 माणसं आणि यंत्र मिळून करू लागली, तर एफटीईच्या करारात बिलही 40 चंच निघणार. म्हणून नव्या करारांच्या वाटाघाटी निकाली निघालेल्या दाव्यामागे दर, वसूल झालेल्या रकमेत टक्का, अशा दिशेने जाऊ लागल्या आहेत. मुंबईच्या टेबलावर वाचवलेल्या त्या 40 डॉलरांपैकी किती आपले, हे 1996 मध्ये कोणी विचारलं नव्हतं. आता ते करारात लिहून घ्यावं लागतं.